चारा गवताला युरिया: सोलापूरच्या चुनखडीच्या जमिनीत तो वाया न घालवता कसा द्यावा

गोठ्यात चार दुभती जनावरं आली की नुसत्या कडब्यावर आणि उसाच्या वाढ्यावर भागत नाही, हे लवकरच कळतं. मग अर्धा-एक एकर संकरित नेपियर, म्हणजे हत्तीगवताचा संकर, लागतं आणि पहिला प्रश्न येतो तो युरियाचा: "किती पोती टाकायची?" मोहोळ भागात नवी लागवड करणारे बहुतेक जण हेच विचारतात. माझं म्हणणं असं की पोत्यांचा आकडा दुसरा, आधी तो युरिया कधी आणि कुठं पडतो ते बघा. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत भर उन्हात वर फोकलेल्या युरियातलं बरंच नत्र मुळाला लागायच्या आत हवेत जातं. एक पोतं वाढवलं तर हवेत जाणारं नत्रही वाढतं.

पुढची माहिती मुख्यतः बागायती नेपियरसाठी आहे. जिरायती मारवेल आणि अंजन गवताचा भाग वेगळा दिला आहे. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. हे सगळं आपण स्वतः पेरलेल्या किंवा लावलेल्या गवतासाठी आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याभोवती किंवा गावाच्या गायरानात जे मूळचं कुसळी, पवन्याचं माळरान उरलंय, तिथं युरियाचा दाणाही टाकू नका. जास्तीच्या नत्रावर दोन-चार दांडगी गवतं आणि तणं माजतात आणि बाकीची नाजूक गवतं, रानटी द्विदल वनस्पती त्यांच्याखाली दबून मरतात. तो माळ एकदा बिघडला की पुन्हा तसा होत नाही.

आधी हे जमवून ठेवा

- आधार कार्ड. अनुदानित खत दुकानातल्या पॉस मशीनवर आधार दाखवून मिळतं. अंगठा उठत नसेल तर घरातल्या दुसऱ्याला सोबत न्या.
- सातबारा, आठ-अ, बँक पासबुक आणि शेतकरी ओळख क्रमांक. ठिबकच्या अनुदानासाठी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायचा असेल तर हे लागतं.
- माती तपासणीचा अहवाल किंवा मृदा आरोग्य पत्रिका.
- लटकता वजनकाटा, मीटर टेप, चार खुंट्या, सुतळी.
- टिकाव किंवा हातकोळपं, प्लास्टिकची बादली, ठिबक असेल तर प्लास्टिकचं पिंप.
- एक वही. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण लिहाच.

१. गवत आणि जमीन यांची जोडी जमवा

बारमाही पाणी असेल तर संकरित नेपियर. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं फुले जयवंत, धारवाडचं डीएचएन-६, बायफचं बीएनएच-१०, कोइमतूरचे को-४ आणि को-५ हे वाण आपल्याकडं चालतात. पाणी आठमाही असेल तर पूर्ण क्षेत्र नेपियरखाली घालू नका. उन्हाळ्यात पाण्याविना उभं असलेलं नेपियर युरियाचा काहीच उपयोग करू शकत नाही. मुरमाड, हलक्या, जिरायती रानात मारवेल किंवा मद्रास अंजन लावा.

नेपियर ९० बाय ६० सेंटिमीटरवर लावलं तर एकरी साधारण साडेसात हजार ठोंब बसतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं हिशेबाला लागणार आहे.

२. माती तपासा, पण नमुना नीट घ्या

लागवडीआधी, आणि रानात खत टाकून निदान तीन महिने झाल्यावर नमुना घ्या. बांध, उकिरड्याची जागा, झाडाखालची सावली, पाण्याचा पाट या जागा सोडा. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा करा, त्याच्या भिंतीची बोटभर जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्या. सगळी एकत्र करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलो राहू द्या. ओली असेल तर सावलीत वाळवा. सोलापूरचं किंवा मोहोळचं कृषी विज्ञान केंद्र याबाबत मार्गदर्शन करतं.

अहवालात चार गोष्टी बघायच्या. उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोच्या खाली असेल तर कमी, २८० ते ५६० मध्यम. आपल्याकडं बहुतेक रानं कमीतच येतात. नत्र कमी असेल तर शिफारशीत पाव हिस्सा वाढ आणि भरपूर असेल तर पाव हिस्सा कपात, हा रूढ नियम आहे. दुसरं, सामू (पीएच). तो ८ च्या वर असेल तर खालची सहावी पायरी दोनदा वाचा. तिसरं, मुक्त चुनखडी. चौथं, लोह आणि जस्त, कारण त्यांची कमतरता नत्राच्या कमतरतेसारखीच दिसते आणि युरियाचं पोतं फुकट जातं.

३. हेक्टर, एकर, गुंठा आणि पोतं यांचा घोळ मिटवा

नवख्या माणसाचा सगळ्यात मोठा घोटाळा इथं होतो. विद्यापीठाची शिफारस हेक्टरी असते आणि ती नत्राची असते. आपण रान एकरात मोजतो आणि दुकानात मागतो युरिया.

समजा तुमच्या वाणाला दर कापणीनंतर हेक्टरी ५० किलो नत्राचा हप्ता सांगितलाय. अडीच एकरांचा हेक्टर, म्हणजे एकरी २० किलो नत्र. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणून २० भागिले ०.४६, म्हणजे साडेत्रेचाळीस किलो युरिया. पोतं आता ४५ किलोचं येतं आणि त्यात २०.७ किलो नत्र असतं. म्हणजे एकरी एक पोतं, गुंठ्याला किलोभराहून थोडा जास्त आणि ठोंबाला पाच-सहा ग्रॅम, शिगोशीग भरलेला चहाचा एक चमचा.

याच शिफारशीचा "एकरी ५० किलो नत्र" असा अर्थ काढला तर १०९ किलो युरिया पडतो, अडीचपट. उलट "हेक्टरी ५० किलो युरिया" समजलात तर गवताला निम्म्याहून कमी मिळतं. दोन्ही घोटाळे शिकल्यासवरल्या घरांतही होतात, म्हणून हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सध्या कडुनिंब लेपित युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना आहे, म्हणजे किलोभर नत्र जवळजवळ १३ रुपयांना पडतं. पोत्यावर छापलेली किंमत वाचा, पक्कं बिल घ्या. युरियासोबत दुसरं एखादं खत किंवा बाटली घ्यावीच लागेल, असा आग्रह कुणी धरला तर तो मान्य करायचं कारण नाही. पंचायत समितीत किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं लेखी तक्रार देता येते.

४. कापणी किती नत्र घेऊन जाते ते मोजा

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडलेली पायरी ही. गवत कापून गव्हाणीत टाकलं की रानातलं नत्र त्याच्यासोबत रानाबाहेर जातं. किती जातं, हे काढता येतं.

एक टन हिरव्या नेपियरमध्ये साधारण २०० किलो कोरडा भाग असतो. त्यात ८ टक्के प्रथिनं धरली तर १६ किलो. प्रथिनांना ६.२५ ने भागलं की नत्र मिळतं, म्हणजे अडीच किलो. थोडक्यात, टनामागं अडीच किलो नत्र रानातून गेलं.

आता टन काढायला काटा घ्या. रानाच्या वेगवेगळ्या भागांतले दहा ठोंब कापून वजन करा, सरासरी काढा. ठोंबाला सरासरी १ किलो ६०० ग्रॅम भरलं तर साडेसात हजार ठोंबांचे १२ टन झाले. म्हणजे एका कापणीत एकरातून तीस किलो नत्र गेलं, दीड पोतं युरियाएवढं. मारवेलसारख्या दाट गवतात खुंट्या-सुतळीनं एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखा, त्यातलं गवत कापून तोला आणि किलोच्या आकड्याला ४ ने गुणा. एकरी टन मिळतील. चार-पाच चौकोनांची सरासरी घ्या, एकट्या चांगल्या जागेवर विसंबू नका.

दीड पोतं गेलं आणि आपण एकच पोतं देतोय, मग बाकीचं कुठून यायचं? काही जमिनीतल्या सेंद्रिय भागातून येतं, काही शेणखतातून. जो गोठ्यातलं शेण-मूत परत त्याच रानात नेतो त्याला एक पोतं पुरतं. जो शेणखत विकून टाकतो त्याचं नेपियर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पोती वाढवूनही बारीक पडत जातं.

उलटीकडूनही बघा. थंडीत, पौष-माघात, नेपियर मंदावतं. कापणी ४५ दिवसांवरून ६०-६५ दिवसांवर जाते आणि वजनही कमी भरतं. त्या कापणीत एकरी आठ टनच निघाले असतील तर गेलं वीस किलो. मग उन्हाळ्याएवढंच पोतं तिथं ओतायचं कारण काय? हप्ता अर्ध्या-पाऊणावर आणा.

५. शेण आणि गोमूत्र आधी, पोतं नंतर

चांगल्या कुजलेल्या शेणखताच्या टनात सुमारे ५ किलो नत्र असतं, पण पहिल्या वर्षी त्यातलं साधारण एक तृतीयांशच पिकाला मिळतं. म्हणून "दहा गाड्या शेणखत टाकलंय, आता वर्षभर युरिया नको" हा हिशेब बरोबर नाही, आणि "शेणखत कशाला, युरिया आहे की" हाही नाही.

गोमूत्राकडं मात्र कुणी नीट बघत नाही. जनावराच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या नत्रापैकी निम्म्याच्या आसपास मुतात असतं आणि ते लगेच लागू पडणारं असतं. गोठ्याच्या मागं जी गटार वाहते, जिथं हरळी गुडघाभर वाढलेली दिसते, ते तुमचंच नत्र आहे. गोठ्याला उतार काढून ते पाणी एका सिमेंटच्या टाकीत घ्या आणि पाण्याच्या पाळीसोबत पाटात सोडा. टाकी झाकलेली हवी, नाहीतर त्यातलाही अमोनिया उडतो. वास नाकाला झोंबत असेल तर उडतोय असं समजा. दर वेळी एकाच वाफ्यात सोडू नका, पाळीपाळीनं वाफा बदला. टाकीजवळचं गवत काळपट हिरवं आणि लुसलुशीत झालं असेल तर तिथं युरिया अजिबात नको. कारण दहाव्या पायरीत आहे.

६. युरिया द्यायची वेळ आणि रीत

नत्र कसं उडतं ते समजलं की रीत पाठ करावी लागत नाही. युरियाचा दाणा ओलसर मातीवर पडला की मातीतलं युरिएज नावाचं विकर त्याचं विघटन करतं आणि अमोनिया तयार होतो. दाण्याभोवतीची माती तेवढ्यापुरती आणखी विम्लधर्मी होते. आपली जमीन आधीच चुनखडीची, सामू आठच्या पुढं, वर चाळीस अंशाचं ऊन आणि वारा. दाणा वरच राहिला तर अमोनिया मातीत न धरता हवेत निघून जातो आणि पहिल्या काही दिवसांतच मोठं नुकसान होऊन जातं. सगळ्यात वाईट परिस्थिती कोणती? दाणा विरघळेल एवढी ओल आहे, पण तो खाली जाईल एवढं पाणी नाही. पहाटेचं दव, पाणी देऊन दोन दिवस झालेलं रान, भुरभुर पाऊस, या सगळ्या त्याच वेळा. आणि नेमकं तेव्हाच "ओल आहे, टाका युरिया" असं म्हणतात.

इथं दोन गैरसमज दूर करतो. कडुनिंबाच्या लेपामुळं युरिया उडत नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. लेपाचं काम वेगळं आहे. अमोनियमचं नायट्रेट होणं तो लांबवतो, त्यामुळं पाण्यासोबत झिरपून जाणारं नत्र कमी होतं. मातीवर उघड्या पडलेल्या दाण्यातून अमोनिया उडायचा तो उडतोच. दुसरा समज अमोनियम सल्फेटचा. ते आम्लधर्मी आहे म्हणून आपल्याकडं सुरक्षित, असं सांगतात. पण चुनखडीशी त्याची क्रिया होऊन त्यातूनही अमोनिया जातो. गंधक हवं असेल तर ते जरूर घ्या, पण तेही झाकूनच द्या.

आता रीत.

कापणी जमिनीपासून १०-१५ सेंटिमीटर ठेवून, धारदार विळ्यानं करा. त्याच दिवशी युरिया टाकू नका. नुकत्या कापलेल्या ठोंबाला पानं नसतात, त्याची नत्राची भूक अजून सुरू झालेली नसते. चार ते सहा दिवस थांबा. बुडातून बोटभर हिरवे कोंब दिसले की पहिलं काम तणाचं. तण न काढता दिलेला युरिया हरळी आणि लव्हाळा आधी खातात.

रान वाफशावर असताना ओळीच्या एका बाजूनं, बुडापासून चार बोटं सोडून, टिकावाच्या टोकानं किंवा हातकोळप्यानं दोन इंच खोल चर ओढा. मागून दुसऱ्यानं चरात युरिया सोडत जायचं आणि तिसऱ्यानं पायानं किंवा खुरप्यानं माती लोटत जायचं. तीन माणसं असली की एकर एका दिवसात सहज होतं. पुढच्या कापणीला चर ओळीच्या दुसऱ्या बाजूला. लगेच, म्हणजे त्याच दिवशी, हलकं पाणी द्या.

हलकं हा शब्द महत्त्वाचा. युरिया सरीत उघडा फोकून वरून मोटरचं पाणी जोरात सोडलं तर दाणे विरघळून पाण्यासोबत सरीच्या शेपटाला जातात. असं रान ओळखायला सोपं असतं: पाण्याच्या तोंडाशी गवत पिवळट आणि शेवटाला गर्द हिरवं. हे दिसलं की समजायचं, युरिया चालत खाली गेलाय. लांब सऱ्यांना मध्ये आडवे बांध घाला आणि खत झाकल्याशिवाय पाणी सोडू नका.

उजनीच्या कालव्यावर असाल तर पाण्याची तारीख तुमच्या हातात नाही, पण कापणीची आहे. पाळी येणार असं कळलं की तिच्या पाच-सहा दिवस आधी कापा, म्हणजे कोंब, खत आणि पाणी यांचा मेळ बसतो. पाळी लांबली तर युरिया घरातच राहू द्या. पोत्यात तो सुरक्षित असतो, रानात नसतो.

चर ओढायला माणसंच मिळत नसतील तर दुसरा मार्ग असा: संध्याकाळी, वारा पडल्यावर, कोरड्या मातीवर ओळीच्या बुडाला टाका आणि रात्री विजेची पाळी असेल तर तेव्हाच पाणी द्या. हे चरात झाकण्याइतकं चांगलं नाही, पण सकाळी फोकून दोन दिवसांनी पाणी देण्यापेक्षा कितीतरी बरं.

पावसाळ्यात उलटा धोका असतो. हस्ताचा जोराचा पाऊस काळ्या रानात साचला की मातीतली हवा संपते आणि नायट्रेटचं वायूत रूपांतर होऊन ते निघून जातं. मुरमाड रानात तेच नायट्रेट झिरपून विहिरीत उतरतं. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर दोन दिवस कळ काढा. रानात चर काढून पाणी बाहेर काढायची सोय असेल तरच भारी काळ्या जमिनीत नेपियर लावा, असं मी सांगेन.

७. ठिबक असेल तर हप्ते करा

ठिबकनं काम सोपं होतं, कारण युरिया पाण्यासोबत थेट मुळाशी जातो. एकरी साडेत्रेचाळीस किलोचे तीन भाग करा, प्रत्येकी साडेचौदा किलो. कापणीनंतर साधारण सातव्या, सतराव्या आणि सत्ताविसाव्या दिवशी द्या. कापणी ४५-५० दिवसांवर असल्यामुळं शेवटच्या हप्त्यानंतर अडीच-तीन आठवडे मिळतात, आणि ते मिळायलाच हवेत.

साठ-सत्तर लिटर पाण्यात युरिया ढवळा. विरघळताना पिंप बाहेरून हाताला थंडगार लागतं, तो युरियाचा गुण आहे. तळाशी राहिलेले दाणे आणखी पाणी घालून विरघळवा, गाळून घ्या. संच सुरू करून आधी साधं पाणी द्या, नळ्या भरून दाब एकसारखा झाला की व्हेंच्युरी (पिंपातलं खत नळीत ओढणारं साधन) उघडा आणि खत संपल्यावर पंधरा-वीस मिनिटं पुन्हा साधं पाणी सोडा.

पिंप जनावरांपासून लांब ठेवा. ही सूचना मी ठळक अक्षरांत लिहायला हवी. तहानलेली म्हैस युरियाचं पाणी घटाघटा पिते आणि तासा-दोन तासांत दगावू शकते. मोकळी पोतीही गोठ्यात टाकू नका, जनावरं खारट चवीनं चाटतात.

८. जिरायती मारवेल आणि अंजन

सोलापुरात पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. तो दोन टप्प्यांत येतो, सुरुवातीला मृग-आर्द्राचा आणि मग सप्टेंबरात उत्तरा-हस्ताचा. मधला खंड ठरलेला. त्यामुळं जिरायती गवताला कॅलेंडर बघून नत्र देता येत नाही. जुनं गवत पहिल्या पावसावर हिरवं झालं, टिकाव चार बोटं ओल्यात घुसला आणि पुढं पाऊस दिसतोय, अशा वेळी निम्मा हप्ता. उरलेला निम्मा सप्टेंबरच्या ओलीवर. सप्टेंबर कोरडा गेला तर तो देऊ नका, पुढच्या वर्षाला ठेवा. पहिल्या वर्षी, गवत मूळ धरेपर्यंत, जास्त नत्रानं तणच माजतं. तेव्हा शेणखतावर भागवा.

९. द्विदल सोबत घ्या, पण त्याला युरियानं मारू नका

लसूणघास, स्टायलो, दशरथ घास ही आपलं नत्र मुळांवरच्या गाठींतून स्वतः मिळवतात. लसूणघासाच्या एकरी दहा किलो बियाण्याला रायझोबियम या गाठी करणाऱ्या जिवाणूंचं २५० ग्रॅमचं एक पाकीट पुरतं. पेरताना सुरुवातीपुरतं हेक्टरी १५ ते २० किलो नत्र द्या, पुढं दर कापणीला युरिया नको. राहुरीचा आर. एल.-८८ हा बहुवार्षिक वाण ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरतात. नेपियरमध्ये कॅल्शियम अडवणारं ऑक्झलेट असतं आणि उसाच्या वाढ्यातही, म्हणून लसूणघासाची जोड जनावराच्या कॅल्शियमसाठीही बरी.

हलक्या रानात मद्रास अंजन आणि स्टायलो एकत्र पेरले असतील तर एक लक्षात ठेवा: नत्र जितकं जास्त द्याल तितकं अंजन उंच होतं आणि स्टायलो सावलीत बसतं. दोन वर्षांत मिश्रणाचं नुसतं अंजन होतं आणि फुकटचं नत्र देणारी जोडी तुटते. मिश्र कुरणाला स्फुरद द्या, नत्र अगदी हात आखडून.

१०. पान वाचा, आणि विषबाधेपासून जपा

गवत पिवळं दिसलं की युरिया, ही सवय मोडा. ठोंबाजवळ बसून बघा. खालची जुनी पानं शेंड्याकडून मधल्या शिरेच्या कडेनं पिवळी पडत बुडाकडं येत असतील आणि वरची पानं अजून हिरवी असतील, तर नत्र कमी आहे. वरची कोवळी पानं पिवळी-पांढुरकी, पण शिरा हिरव्या रेघांसारख्या उठून दिसत असतील, तर लोह कमी आहे. चुनखडीच्या रानात हे फार दिसतं आणि युरियानं ते सुधारत नाही. कोवळं पान शिरांसकट फिकं पिवळं असेल तर गंधकाकडं बघा.

जास्त नत्राचा खरा धोका गोठ्यात दिसतो. गवतानं मुळातून ओढलेलं नायट्रेट ऊन-पाणी नीट मिळालं तर प्रथिनांत बदलतं. ताण पडला, ढगाळ हवा राहिली किंवा लांब खंडानंतर एकदम पाऊस झाला तर ते तसंच खोडात साचतं, बुडाकडं सगळ्यात जास्त. ज्वारी, मका, बाजरी आणि नेपियर या चारही चाऱ्यांत हे होतं. म्हणून खंडानंतर पाऊस झाला की आठवडाभर तरी कापणी टाळा, कापायचीच वेळ आली तर वीतभर बूड रानात ठेवा, आणि उपाशी जनावराला आधी कडबा घालून मग हिरवं मिसळून द्या. रात्री कुट्टी करून ढीग लावून ठेवू नका. ढीग आतून तापला की नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि ते कितीतरी जास्त विषारी.

जनावर धापा टाकतंय, थरथरतंय, तोल जातोय, हिरड्या निळसर-तपकिरी दिसताहेत, तर चारा ताबडतोब काढून घ्या आणि १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकाला फोन करा. नायट्रेटच्या विषबाधेत रक्त चॉकलेटी होतं. कोवळ्या ज्वारीच्या फुटव्यानं होणारी विषबाधा, म्हणजे किराळ, वेगळी, त्यात रक्त लालभडक असतं आणि औषधही वेगळं. म्हणून डॉक्टरांना दोन गोष्टी न विचारता सांगा: कोणता चारा खाल्ला आणि त्या रानात युरिया कधी पडला होता. वहीतली तारीख इथं जीव वाचवते.

११. एक ओळ बिनयुरियाची ठेवा

दर कापणीनंतर रानाच्या मध्यावर एका ओळीला युरिया देऊ नका आणि तिच्यापासून चार ओळी सोडून दुसऱ्या ओळीला दुप्पट द्या. दोन्हीकडं खुंटी ठोका. पुढच्या कापणीला तिन्ही ठिकाणचे, म्हणजे बिनयुरियाच्या, नेहमीच्या आणि दुपटीच्या ओळीतले, दहा-दहा ठोंब तोला आणि वहीत मांडा. दुपटीच्या ओळीचा चारा जनावरांना देण्याआधी दहावी पायरी आठवा, तो कडब्यात मिसळूनच द्या.

दुपटीची ओळ नेहमीच्या ओळीहून ठळक जास्त भरली तर तुमचा हप्ता कमी पडतोय, पाव हिस्सा वाढवून बघा. दोघी सारख्याच भरल्या तर वाढवायचं काही कारण नाही. आणि बिनयुरियाची ओळही नेहमीच्या ओळीच्या जवळपास भरली, तर दोनपैकी एक गोष्ट आहे. एक तर शेणखत, गोमूत्रातूनच गवताला पुरेसं मिळतंय, मग पुढच्या कापणीला पोतं अर्ध्यावर आणा. नाहीतर तुमचा युरिया मुळापर्यंत पोचतच नाहीये. कोणती ते पानांवरून कळेल: तिन्ही ओळी गर्द हिरव्या असतील तर पहिली, तिन्हीत खालची पानं पिवळी असतील तर दुसरी, आणि मग पोत्याला हात न लावता सहाव्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.